धर्मावरून माणसं तुटत असताना गणितज्ञाला सोबत कुठे मिळते?

तुम्ही विचारलंय, की भोवती धर्मावरून तेढ असताना गणितात रमलेल्या माणसाला जगण्याचा अर्थ आणि मैत्री कुठे सापडते, की तो नुसता आकडेमोडीत तोंड लपवतो? मी गणित शिकवतो आणि या प्रश्नावर मला पहिला आठवतो तो जर्मन गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर.

केप्लर लूथरपंथी, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझला तो गणित शिकवत होता. १५९८ मध्ये तिथल्या कॅथलिक राजवटीने लूथरपंथी शिक्षकांना शहराबाहेर काढलं. त्याला तेवढं परत येऊ दिलं, पण १६०० मध्ये ‘धर्म बदल, नाहीतर चालता हो’ अशी वेळ आली आणि बिऱ्हाड घेऊन तो प्रागला गेला.

इथवर कोण कोणाच्या विरुद्ध, हे कळायला सोपं आहे. पुढे १६१२ मध्ये तो ऑस्ट्रियातल्याच लिंझला आला, तेव्हा त्याच्याच पंथाच्या पाद्रीने त्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकरी आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी, नाकारलं. ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र हजर असतं, या मतावर त्याला मनापासून सही करवेना, एवढंच कारण. ट्युबिंगेन विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक हाफेनरेफर हे त्याचे गुरू, त्याच्यावर जीव असलेले. त्यांच्याकडे त्याने दाद मागितली, आणि १६१९ मध्ये त्यांनीही नाहीच म्हटलं. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. हाकलून दिल्याचं दुःख वेगळं. हे घरातलं होतं. त्याच्या आईला चेटकीण असल्याच्या आरोपावरून चौदा महिने डांबलं, तेही लूथरपंथी मुलखातच.

आणि मित्र? बव्हेरियाचा कॅथलिक मंत्री हेरवार्ट त्याला वर्षानुवर्षं पत्रांतून गणिताचे आणि कालगणनेचे प्रश्न विचारत राहिला. गणितज्ञ पाउल गुल्डिन तर जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचा सदस्य. त्याच्यामार्फत केप्लरला दुर्बीण मिळाली. गुल्डिनने त्याला कॅथलिक होण्याची गळही घातली. केप्लरने कारणं देऊन नकार कळवला. मतभेद झाकून ठेवलेली ही मैत्री नव्हती, म्हणून मला ती खरी वाटते.

अर्थाचं म्हणाल, तर भूमिती सृष्टीच्या आधीपासून ईश्वराच्या मनात आहे आणि माणसाला तिचा वाटा मिळालाय, अशी त्याची श्रद्धा होती. त्यामुळे गणित हा त्याच्यासाठी आडोसा नव्हता, ती उपासनाच होती. १५ मे १६१८ रोजी त्याला ग्रहांचा तिसरा नियम पक्का झाला: भ्रमणकाळाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. आठच दिवसांनी प्रागमध्ये बंडखोरांनी बादशहाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकलं आणि कॅथलिक-प्रोटेस्टंटांमधलं तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

प्रागमधला त्याचा जिवलग वाकर फोन वाकेनफेल्स, कॅथलिक झालेला दरबारी. १६१० मध्ये गॅलिलिओच्या शोधाची बातमी कळली तेव्हा त्याने बग्गी केप्लरच्या दारात थांबवून आतूनच ती ओरडून सांगितली. दोघेही हसत होते. एकाला नीट बोलता येईना, दुसऱ्याला ऐकता येईना. १६११ च्या नवीन वर्षाला केप्लरने याच वाकरला एक छोटं पुस्तक लिहून भेट दिलं. पुलावरून जाताना अंगरख्यावर बर्फ पडला होता आणि प्रश्न पडला होता, की हिमाचा प्रत्येक कण सहा टोकांचाच का? गोळे, डाळिंबाचे दाणे, मधमाश्यांची पोळी, सगळं तपासूनही पक्कं उत्तर मिळालं नाही. मग पुढचं रसायन जाणणाऱ्यांना विचारावं, असं लिहून त्याने ते मित्राच्या हाती ठेवलं.