वाचकांचे प्रश्न : विधी प्रवेश परीक्षा आणि खाली-वर होणारे गुण

प्रश्न : मी बारावीत कला शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. डिसेंबरमधील क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि नंतरची राज्याची विधी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) अशा दोन्ही परीक्षा मी देणार आहे. दर रविवारी मोबाइलवर सराव परीक्षा सोडवते. दिवाळीआधी १२० पैकी ७६ गुण मिळाले होते. तेव्हा ९६ प्रश्न सोडवले होते, त्यांतले ८० बरोबर आणि १६ चूक. गेल्या रविवारी ६२.२५ मिळाले, ८१ सोडवले, ६६ बरोबर, १५ चूक. तेव्हापासून पुस्तक उघडले की तोच आकडा डोळ्यांपुढे येतो, आणि वाचलेले सगळे विसरत चालले आहे असे वाटते. काय करू?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुम्ही बरोबर आणि चूक उत्तरांचे आकडे कळवलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या भीतीचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. पहिल्या वेळी तुम्ही सोडवलेल्या शंभर प्रश्नांमागे साधारण ८३ बरोबर होते, दुसऱ्या वेळी ८१. म्हणजे वाचलेले विसरलेले नाही. फरक पडला तो पंधरा प्रश्न कमी सोडवल्यामुळे. एकूण गुण हा बरोबर, चूक आणि कोरे सोडलेले या तीन आकड्यांचा हिशेब असतो आणि घाबरलेला विद्यार्थी फक्त शेवटची बेरीज पाहतो. तेव्हा येत्या रविवारी गुण वहीत लिहूच नका; हे तीन आकडे लिहा, आणि प्रत्येक सोडलेल्या प्रश्नापुढे एका शब्दात कारण लिहा : ‘वेळ’, ‘भीती’ किंवा ‘माहीत नव्हते’.

‘वेळ’ हे कारण जास्त दिसले, तर एखाद्या उताऱ्यात तुम्ही अडकून पडलात असे समजा. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि ते उताऱ्यांवर आधारलेले असतात, म्हणजे पाच प्रश्नांचा एक उतारा वाचून सोडवायला पाचच मिनिटे मिळतात. सहावे मिनिट लागले की पुढच्या उताऱ्याकडे जायचे, ही सवय आतापासून अंगवळणी पाडा. ‘भीती’ दिसली तर थोडे गणित करा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. चारही पर्याय अनोळखी असलेले सोळा प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तर सरासरी चार बरोबर आणि बारा चूक येतील, आणि हाती एक गुण उरेल. त्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत हे कळल्यावर तेच सोळा प्रश्न सोडवले, तर सरासरी आठ बरोबर येतात आणि सहा गुण पदरात पडतात. दोन पर्यायांत घुटमळून प्रश्न कोरा सोडणे ही सावधगिरी वाटते खरी, पण त्यात नुकसान तुमचेच होते.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली, ती म्हणजे मोबाइल. क्लॅटचा पेपर कागदावर असतो आणि उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर, पेनने गोल भरून द्यायची असतात. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. एका गोलाला पाच सेकंद धरले, तरी १२० गोलांना दहा मिनिटे जातात. मोबाइलवर टिचकी मारून मिळालेल्या गुणांत ही दहा मिनिटे धरलेलीच नसतात. उरलेल्या आठवड्यांत किमान तीन पेपर छापून घ्या, ओएमआरची कोरी पत्रिका समोर ठेवा आणि दुपारी दोन ते चार, घड्याळ लावून, सलग सोडवा. एका पानाचे प्रश्न सोडवून झाले की त्या पानाचे गोल भरायचे. सगळे गोल शेवटी भरण्याच्या नादात एखादी ओळ सुटली, तर पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकतात.

विधी तर्काच्या विभागाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते, कारण हुशार मुले तिथेच चुकतात. कायद्याची माहिती आधी असण्याची तिथे अपेक्षा नसते. उताऱ्यात जो नियम दिला आहे, तोच लावायचा असतो. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हे, नुकसान झाले नाही तरी, अतिक्रमण ठरते. प्रश्नात एक मुलगा शेजाऱ्याच्या विहिरीत पडलेली शेळी काढायला कुंपण ओलांडून गेला. आपले मन म्हणते, त्याने पुण्याचे काम केले, त्याला दोषी कसे ठरवायचे? पण संकटकाळच्या अपवादाचा उताऱ्यात उल्लेख नसेल, तर उत्तर ‘अतिक्रमण झाले’ हेच. चुकलेल्या उत्तरांमध्ये असे ‘मनाचे’ किती होते, ते वेगळे मोजा.

क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींची अडचण शब्दांपेक्षा वेगाची असते. त्यावर मला उपयोगी वाटलेला उपाय असा : एखादी मोठी बातमी आधी मराठी वृत्तपत्रात वाचावी आणि लगेच तिच्यावरचा इंग्रजी अग्रलेख वाचावा. विषय डोक्यात असला की इंग्रजी वाक्ये आपोआप भरभर सुटू लागतात.

राज्याच्या सीईटीची गोष्ट वेगळी. तो पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो आणि चुकीला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. या परीक्षेला ‘राखीव पर्याय’ म्हणून कमी लेखू नका, हेही कळकळीने सांगते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅटमधून प्रवेश मिळतो; पण १८५५ पासून चालू असलेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, किंवा पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय, जिथून पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर आणि न्या. य. वि. चंद्रचूड शिकून बाहेर पडले, यांचे दार सीईटीतून उघडते. वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय परीक्षा या सर्वांना सारखीच असते.

प्रश्न : माझा मुलगा विधी सीईटीची तयारी करतो. सराव परीक्षेत त्याला साठ टक्क्यांच्या आसपास गुण मिळतात. भावजयीच्या मुलाला गेल्या वर्षी ९० पर्सेंटाइल मिळाले होते, हे घरात सारखे निघते. निकालाच्या दिवशी हा जेवत नाही, रात्री उशिरापर्यंत जागा असतो. मी काही विचारावे की गप्प राहावे?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, ही तुलनाच मुळात चुकीची आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तुम्हीच सांगावे लागेल. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांतील नव्वद जणांचे गुण भावजयीच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड असेल, तर साठ-पासष्ट टक्के गुणांवरही वरचे पर्सेंटाइल मिळू शकते.

गप्प राहू नका, पण ‘किती पडले?’ हा प्रश्न मात्र बंद करा. निकालाच्या संध्याकाळी त्याला सोबत घेऊन भाजी आणायला जा, आणि दुसऱ्या दिवशी ‘कुठला उतारा जड गेला?’ असे विचारा. सांगता सांगता तो स्वतःच चूक शोधेल. सराव परीक्षेच्या आदल्या रात्री अकरानंतर दिवा बंद, हा नियम सगळ्या घराला लावा, एकट्या त्याला नको.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली राहिली, किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ अशा अर्थाचे तो बोलू लागला, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पहिला फोन तुम्ही स्वतः केलात तरी चालेल.