कोबे : डोंगराकडून बंदराकडे

प्रश्न : मुलाकडे ओसाकाला जाणार आहोत. कोबेसाठी एकच दिवस आहे. जुन्या वस्त्या पायी पाहता येतील का? दोघेही साठीपुढचे आहोत, चढ फारसा झेपत नाही. (नाशिक)

उत्तर : येतील, पण उतरायचं सान्नोमियाला. ‘कोबे’ नावाचं स्टेशन शहराच्या मध्यावर नाही आणि बरेच पर्यटक तिथेच फसतात. ओसाकाहून जेआरच्या जलद गाडीने सान्नोमियाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिथून भुयारी रेल्वेने एकच स्टेशन पुढे, शिन-कोबेला जा. हे स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे. पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चाललात की कितानो लागतं. थोडा चढ आहेच, पण पुढची वाट समुद्रापर्यंत उताराची. दिशा चुकली, तर डोंगर म्हणजे उत्तर.

१ जानेवारी १८६८ला बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, तेव्हा परदेशी लोकांसाठी आखलेली वसाहत तयारच नव्हती. म्हणून त्यांना बाहेर, जपानी वस्तीत घरं घ्यायची मुभा मिळाली. त्याच मुभेतून पुढे कितानोच्या उतारावर त्यांचे बंगले उभे राहिले. बहुतेक बंगल्यांचं तिकीट वेगवेगळं असतं. एक-दोन नीट पाहा, बाकीचे बाहेरून.

इथलं जैन मंदिर आणि खाली सान्नोमियाच्या वाटेवरची १९३५ची मशीद चुकवू नका. मशिदीच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. आपल्या मुंबईशीही या बंदराचं नातं जुनं आहे. १८९३मध्ये टाटांच्या साथीने सुरू झालेली जपानी कंपनीची मुंबईची आगबोट इथूनच सुटली. येताना ती कापूस आणायची.

रेल्वेमार्ग ओलांडून खाली आलात की जुनी वसाहत : १२६ भूखंड, सरळ रस्ते. १८९९मध्ये ती जपानकडे परत आली. तिच्या पश्चिमेला नानकिनमाची, म्हणजे चिनी वस्ती. बंदर उघडलं तेव्हा चीनचा जपानशी करार नव्हता, म्हणून चिनी लोकांना वसाहतीत जागा मिळेना. ते तिच्या कडेला राहिले. नकाशावर या दोन वस्त्या खेटून का आहेत, ते यावरून कळतं.

शाकाहारी असाल तर मिसो सूपही विचारूनच घ्या. त्याच्या पाण्यात बहुधा मासळीचा अर्क असतो.

प्रश्न : १९९५च्या भूकंपाच्या खुणा उरल्या आहेत का? (सांगली)

उत्तर : मेरिकेन पार्कमध्ये धक्क्याचा ६० मीटरचा तुकडा मोडला तसाच जपला आहे. खचलेली फरशी, कललेले दिवे, मध्ये शिरलेलं पाणी. मोतोमाची स्टेशनहून दहा-बारा मिनिटांची वाट, तिकीट नाही. १७ जानेवारीला पहाटे ५.४६ वाजता हादरा बसला. ६,४३४ माणसं गेली. धक्क्याच्या काँक्रीटच्या पेट्यांखालची आणि मागची भरावाची माती हादऱ्याने चिखलासारखी पातळ झाली आणि पेट्या समुद्राकडे सरकल्या. कललेल्या दिव्यांचा रोख पाहा, म्हणजे ती ओढ लक्षात येईल.

जुन्या वसाहतीतली १५ क्रमांकाची इमारतही त्या दिवशी पूर्ण कोसळली होती. तिचंच जुनं सामान वापरून, पायात हादरे शोषणारी व्यवस्था बसवून, १९९८मध्ये ती पुन्हा उभी केली.