द्राक्षबाग ठेवून जर्मनीला यायचं म्हणतोयस तर
तू विचारलंयस की श्टुटगार्टची ऑफर आलीय, ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी माणसाला तिथं राहून नोकरी करायचा परवाना) होईल, पण तासगावला घरची द्राक्षबाग आहे आणि पाच-सात वर्षांनी परत यायचंच आहे, तर हे जमतं का. जमतं रे, पण परत यायची तयारी निघायच्या आधी करायची असते.

आधी जमिनीचं बघ. एनआरआय झालास की नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, नावावर आहे ती राहते, वारसाने येणारीपण मिळते. म्हणून वडिलांबरोबर तलाठ्याकडं जाऊन सातबारा, आठ-अ बघून घे, वारसनोंदी राहिल्या असतील तर आत्ताच लावून घे, नाहीतर इथनं मुखत्यारपत्र करा, मग तिकडं हेलपाटे घालायला माणूस शोधा, जीव मेटाकुटीला येतो.

जर्मन पासपोर्टची घाई करू नको. 2024 पासून जर्मनी पाच वर्षांवर नागरिकत्व देते आणि जुनं सोडायलापण लावत नाही, पण भारत दुहेरी मानत नाही, त्यांचं घेतलं की आपलं गेलं. मग मिळतं ते ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, त्यावर ना मतदान ना शेतजमीन खरेदी. बी1 पर्यंत, म्हणजे रोजचं बोलता येईल इतपत, जर्मन भाषा कर, ब्लू कार्डवर 21 महिन्यांत कायम राहायची परवानगी मिळते. मी तेवढ्यावरच थांबलोय, कारण मला मत सांगलीतच द्यायचंय आणि म्हातारपणपण तिथंच काढायचंय.

आता मनाचं. पावसाळ्यात इथं सकाळी उठलो की पहिलं बघतो कोयनेतनं विसर्ग किती, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्या वर गेलं तेव्हा भाऊ जिन्याचे फोटो पाठवत होता, कितव्या पायरीला पाणी लागलं ते, आणि मी मीटिंगमध्ये बसून पायऱ्या मोजत होतो. तुझं तसंच होणार, ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी लागला की डाऊनी रोग येणार, वडील फवारणीला धावणार आणि तू फोन धरून बसणार. त्यामुळं बागेला भरवशाचा माणूस आत्ताच बघ, वडिलांच्या जिवावर सोडू नको.

माझ्या पोरीला कृष्णेत पोहायला शिकवायचंय, सांगलीत स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, ते मी करणारच. तू जॉइनिंगची तारीख छाटणी उरकल्यावरची मागून बघ, लगेच हो म्हणू नको.