मुंबईजवळ स्वतःचे घोडे घेऊन जंगलात आणि समुद्रकिनारी तंबूत राहता येईल का? तयारी काय लागते?

तुम्ही राहता मुंबईत, दोन घोडे कर्जतजवळच्या तबेल्यात आहेत आणि डिसेंबरात त्यांना घेऊन एक रात्र जंगलात, एक रात्र अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर काढायची आहे, असं तुम्ही विचारलंय. जमेल. फक्त जंगलात नाही, जंगलाच्या कडेला. आणि वाळूवर नाही, वाळूला लागून असलेल्या वाडीत. अशा सहलीत रपेट हा सोपा भाग असतो. भानगडी होतात त्या रात्री, घोडा बांधलेला आणि माणूस झोपलेला असताना. म्हणून रपेटीबद्दल कमी आणि बांधणं, पाणी, पोट याबद्दल जास्त लिहितो.

आधी जागा. अमेरिकेतल्या वनखात्याच्या तळांवर घोड्यांसाठी कठडे, हौद, लीद टाकायच्या जागा असतात. त्यांचे व्हिडिओ बघून इथे शोध सुरू करू नका. आपल्याकडे १९२७ चा भारतीय वन अधिनियम आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, गुरं चारणं, आग पेटवणं हे गुन्हे आहेत, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत घोडा, घोडी, शिंगरू, खेचर हे सगळे गुरांतच मोडतात. राष्ट्रीय उद्यानाचं तर विचारूच नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३५(७) तिथे चराई पूर्ण बंद ठेवतं आणि जनावराला आत येऊ देतं ते फक्त परवानगी असलेल्या माणसाचं वाहन म्हणून. त्यामुळे बोरिवलीचं उद्यान, तसंच कर्णाळा, तानसा, फणसाड ही अभयारण्यं मुक्कामाच्या यादीतून काढून टाका. कर्जत, नेरळ, मुरबाड पट्ट्यात जंगलाला लागून खासगी शेतं आणि कृषी पर्यटन केंद्रं भरपूर आहेत. मालकाला फोनवर फक्त "तंबू लावायचाय" असं सांगू नका. दोन घोडे, एक ट्रक, रात्रभर बांधायला दोन जाडजूड झाडं आणि गोडं पाणी, असं स्पष्ट सांगा. किनाऱ्याच्या गावात ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आदल्या आठवड्यात कळवून ठेवा.

कागदपत्रांत, प्राणी वाहतूक नियम १९७८ नुसार घोडा प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र ट्रकसोबत असावं लागतं. जोडीला ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि तो पसरतो मुख्यतः सामाईक हौदातून नि बादल्यांतून. किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांच्या टपात आपल्या घोड्यांना पाणी पाजू नका, मालक कितीही आग्रह करो. धनुर्वाताची आणि रेबीजची लस झालेली हवी. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि किनाऱ्यावर गंजक्या खिळ्यांना तोटा नाही. नाल बदलायची असेल तर निघण्याआधी आठ-दहा दिवस बदला. खिळा आत जवळ बसला असेल तर लंगडणं दोन-तीन दिवसांनी कळतं, आणि ते तबेल्यात कळलेलं बरं.

आता बांधणं. जुनी पद्धत अगाडी-पिछाडीची: तोंडाकडून दोन मेखांना आणि मागच्या पायांना दोर. ज्या घोड्याला लहानपणापासून सवय आहे त्याला ती ठीक, बाकीचे भेदरतात, ओढतात आणि खुराच्या वर दोराने सोलून घेतात. तुमच्या घोड्यांसाठी उंच दावण करा, म्हणजे दोन झाडांमध्ये डोक्यावरून ताणलेला आडवा दोर. झाडं किमान सात मीटर अंतरावरची, बुंधा किमान २५ सेंटीमीटर जाड. बुंध्याला गोणपाट गुंडाळून त्यावर ट्रकवर माल आवळायचा दोन इंची रॅचेट पट्टा, आणि त्या पट्ट्याला १२ मिलिमीटरचा, न ताणणारा दोर. दोर थेट बुंध्याला बांधला की साल कापली जाते आणि पुढच्या वेळी मालक फाटक उघडत नाही. उंची घोड्याच्या डोक्यापेक्षा हातभर जास्त, म्हणजे सव्वादोन ते अडीच मीटर. मधोमध लटकून बघा. फूटभरापेक्षा जास्त झोल आला तर पुन्हा आवळा, कारण रात्रीत दोर आणखी सैल पडतो.

सगळ्यात जास्त चुकते ती दावणीवरून घोड्याकडे येणाऱ्या लोंबत्या दोराची लांबी. गळ्याकडची कडी मोकळी सोडली की ती जमिनीपासून ४५ ते ६० सेंटीमीटरवर थांबली पाहिजे. एवढ्यात घोड्याचं नाक जमिनीपर्यंत पोहोचतं, पण पाय दोरावरून पलीकडे जात नाही. लांब ठेवला तर मध्यरात्री पुढचा पाय अडकतो, आखूड ठेवला तर घोडा रात्रभर मान वर करून उभा राहतो आणि सकाळी पाठ आखडलेली असते. दावणीवर जिथे दोर बांधाल तिथे भोवरकडी (गोल फिरणारी कडी) हवी. ती नसली तर घोडा गोल फिरून दोराला पीळ देतो आणि दोर तासागणिक आखूड होत जातो. बांधायच्या जागा गाठ मारून पक्क्या करा, नाहीतर दोन्ही घोडे सरकत मध्यभागी येऊन एकमेकांना लाथा घालतात. दोघांत किमान तीन मीटर आणि बुंध्यापासून दोन मीटर अंतर ठेवा. म्होरकी (तोंडावरचा पट्टा) चामड्याची घ्या, नायलॉनची घोडा अडकला तरी तुटत नाही. अडकलेला दोर कापायला धारदार सुरी तंबूत नको, कमरेला हवी.

वाळूत मेख धरत नाही. दोन फूट ठोकली तरी घाबरलेला घोडा एका झटक्यात उपटतो, आणि मग मागे लोंबणाऱ्या मेखेमुळे आणखी घाबरतो. सुरूच्या बनातली झाडं बहुधा बारीक असतात, शिवाय बरीचशी बनं वनखात्याची आहेत. म्हणून मी किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या कुंपणवाल्या वाडीलाच पसंती देईन. बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या कुंपणाची पट्टी नेणार असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. कोरडी वाळू वीज वाहत नाही. घोड्याला झटका बसायला वीज त्याच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईकडे परतावी लागते. सळई ओलाव्यापर्यंत खोल ठोका, तिच्याभोवती मिठाचं पाणी ओता, आणि घोड्यांना पट्टीची ओळख घरीच करून द्या.

कुठेही बांधण्याआधी आजूबाजूची झाडंझुडपं बघून घ्या. कण्हेर सगळ्यात घातक. वाडीच्या कुंपणाला, देवळाशी, महामार्गाच्या दुभाजकावर ती सर्रास असते आणि तिची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात. वाळलेली पानंही तेवढीच विषारी. एरंड, मोगली एरंड, घाणेरी, बेशरम यांच्यापासूनही लांब. सुबाभळीचा पाला गुरांना घालतात म्हणून मालक प्रेमाने आणून देईल, पण घोड्याची आयाळ आणि शेपूट त्याने झडते.

पाणी आणि चारा दोन्ही घरून न्या. साडेतीनशे किलोच्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलो सुकं गवत लागतं. दोन घोडे, अडीच दिवस, म्हणून ३५ किलो; तुम्ही ५० घ्या. कोकणात वाटेत विकत मिळतो तो बहुतेक भाताचा पेंढा. बैलांना तो चालतो, घोड्याच्या आतड्यात मात्र त्याचा गोळा बसतो. चंदी (दाण्याचा खुराक) नेहमीचीच द्या, पण ज्या दिवशी घोडा नुसता ट्रकमध्ये उभा असेल त्या दिवशी निम्मी. कौतुकाने जास्त देऊ नका.

पाणी प्रत्येकी ३० ते ४० लिटर रोज, दुपार तापली तर त्याहून जास्त. खाद्यपदार्थांचा २०० लिटरचा निळा पिंप घ्या (रसायनाचा धुतलेला नको) आणि ट्रकमध्ये पुढच्या बाजूला आवळून बांधा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी अनेकदा मचूळ असतं आणि घोडा ते हुंगून मागे सरतो. निघण्याआधी चार-पाच दिवस घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून पाजा आणि मुक्कामी तेवढाच गूळ टाका. चव ओळखीची वाटते. घाम आलेल्या दिवशी चंदीत मूठभर मीठ. त्याने तहान लागते, पण बादली रिकामी असेल तर उलटंच होतं.

किनाऱ्यावर खाणं जमिनीवर टाकू नका. गवतासोबत वाळू पोटात जाते, आतड्याच्या तळाशी साचते आणि पोटशूळ उठतो. चंदी तोबऱ्यात (तोंडाला अडकवायच्या पिशवीत) द्या आणि गवत जाळीत. जाळी घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा, कारण रिकामी झाली की ती लोंबते आणि खूर अडकतो. खाली जुनी ताडपत्री पसरा. शंका आली तर ताज्या लिदीचा वरचा गोळा पारदर्शक बाटलीत पाण्यात हलवून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू दिसली तर पशुवैद्यकाला दाखवा.

रपेटीची वेळ ठरते भरती-ओहोटीवर. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावर कोणीही सांगेल. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा; मुंबई-अलिबागकडे प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास उशीर धरा आणि छापील तक्त्याशी ताडून बघा. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते, ओल्या कडक वाळूचा रुंद पट्टा मिळतो आणि ऊनही नसतं. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि उरते ती कोरडी भुसभुशीत वाळू, जिच्यात पायाच्या मागच्या शिरा ताणल्या जातात. सवय नसलेल्या घोड्याला त्या वाळूत दहा मिनिटं चालवणं पुरे, दौड नको. अर्थात डिसेंबरात उधाणाच्या दिवसांत मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षाही वर येते. शेवाळ आणि काटक्यांच्या सर्वांत वरच्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला ट्रक उभा करू नका.

खाडीच्या मुखाशी जाऊ नका. वरून वाळू दिसते, खाली चिखल असतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांपासून आणि सुकत घातलेल्या जाळ्यांपासून लांब राहा. नागाव आणि काशीदला शनिवार-रविवारी पॅरासेलिंग आणि चारचाकी वाळूगाड्या असतात, तेव्हा आठवड्यातला मधला दिवस निवडा. पुढे कधी हरिहरेश्वर, दिवेआगर, वेळासकडे जायचं ठरलं तर नोव्हेंबर ते मार्च ही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालायची वेळ असते, म्हणून भरतीरेषेच्या वरच्या वाळूत घोडा घालूच नका. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने तंगाची (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याची) जागा आणि पाय धुवा. मीठ वाळलं की तंगाखालची कातडी सोलवटते, आणि लगामाची कडी दुसऱ्या दिवशी गंजते.

जंगलाकडेच्या रात्री बिबट्याचा विचार करावा लागतो. त्याला सोपी असतात शिंगरं आणि कुत्री; मोठ्या घोड्यावर तो सहसा येत नाही. पण वास लागला तरी घोडा दोर तोडायला बघतो. मोतद्दाराला (घोड्यांची निगा राखणाऱ्याला) दावणीपासून दहा-पंधरा पावलांवर झोपवा आणि एक मंद दिवा रात्रभर ठेवा. पाळीव कुत्रा सोबत नको.

लीद एका घोड्याची दिवसाला बारा-पंधरा किलो होते, म्हणजे दोन दिवसांत चार गोणी. वाडीचा मालक खतासाठी मागेल तर द्या, पण ढीग विहिरीपासून लांब.

घोडा पोटाकडे वळून बघतोय, पायाने जमीन खरवडतोय, खाणं सोडलंय, आठ तासांत लीद नाही, अशी लक्षणं दिसली तर चारा लगेच बाजूला करा आणि जबड्याखालची नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला ३० ते ४४ असते. ६० च्या वर राहिली तर थांबायचं नाही. पेनकिलरचं इंजेक्शन मोतद्दाराकडून घोड्याच्या स्नायूत टोचून घेऊ नका. त्या जागी स्नायू सडू शकतो, आणि दुखणं दबल्यामुळे डॉक्टरला खरी अवस्था कळत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अलिबागहून काही तासांवर आहे, त्यामुळे घोडे बघणाऱ्या स्थानिक पशुवैद्यकाशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवा.

निघण्याच्या आठवडाभर आधी तबेल्याच्या आवारातच दावण लावून दोन्ही घोडे रात्रभर तिच्यावर ठेवा आणि त्याच बादलीतून, त्याच जाळीतून द्या. सकाळी पाणी नेहमीच्या निम्म्याहून कमी प्यायलं असेल, किंवा दावणीखाली माती खोलवर उकरलेली असेल, तर तो घोडा अजून तयार नाही. त्याला आणखी दोन-तीन रात्री तिथेच द्या आणि सहल पुढच्या पंधरवड्यावर, म्हणजे पुढच्या पौर्णिमा-अमावास्येवर ढकला.