वाचकांचे प्रश्न : ‘धाडसी’ कोण?

मागच्या अंकात मी ऑलिव्हर स्टोनच्या ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ (१९९४) या सिनेमावर दीड पान लिहिलं होतं. मिकी आणि मॅलरी हे जोडपं गाडीतून अमेरिकाभर माणसं मारत हिंडतं, टीव्हीवाले त्यांच्या मागे पळतात आणि लोक त्यांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. पत्रं मात्र ढीगभर आली. एकात ‘म्हाताऱ्याला चळ लागलाय’ असं लिहिलंय. त्याला उत्तर देत नाही, कारण उलट पुरावा माझ्याकडेही नाही. बाकीच्यांतली निवडक खाली.

प्रश्न : तुमचं वाचून होस्टेलवर आम्ही पाचजणींनी लॅपटॉपवर हा सिनेमा पाहिला. दोघी अर्ध्यातून उठल्या, माझं डोकं दुखलं. एक शॉट रंगीत, पुढचा काळापांढरा, मध्येच कार्टून, कॅमेरा तिरका. हे मुद्दाम केलंय की दिग्दर्शकाचं गणितच चुकलंय? — एक विद्यार्थिनी, नाशिक

मुद्दाम, आणि चांगलं अकरा महिने संकलनाच्या टेबलावर बसून. चित्रीकरण ५६ दिवसांत उरकलं होतं. जवळजवळ ३,००० कट आहेत या सिनेमात, त्या काळच्या साध्या सिनेमाच्या चौपट तरी. ३५ मिलिमीटर, १६ मिलिमीटर, घरगुती सुपर-८, व्हिडिओ, ॲनिमेशन असं सगळं एकाच गोधडीत शिवलंय. कारण हा सिनेमा माणसांच्या नजरेतून दिसत नाही, तो रिमोट हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या नजरेतून दिसतो. चॅनल बदलत राहतं. खून, जाहिरात, खून, विनोद. मध्ये कोका-कोलाची पांढऱ्या अस्वलांची जाहिरातसुद्धा येते.

ज्या दोघी उठल्या, त्या मॅलरीच्या घरच्या प्रसंगापाशी उठल्या असतील असा माझा अंदाज. तिचा बाप तिच्याशी जे वागतो ते सगळं घरगुती विनोदी मालिकेच्या थाटात दाखवलंय. बाप घाणेरडं बोलतो, मुलीच्या अंगाला हात लावतो आणि मागून प्रेक्षकांच्या हसण्याची टेप वाजते. बापाच्या कामाला रॉडनी डेंजरफील्ड घेतलाय, म्हणजे अमेरिकेला आयुष्यभर हसवलेला विनोदवीर. मी हा सिनेमा पहिल्यांदा एका मित्राकडे व्हीसीडीवर पाहिला. या प्रसंगाला मित्राची आई आतून आली आणि म्हणाली, “काय रे, कसला विनोदी आहे?” हसण्याचे आवाज तिनं आतून ऐकले होते. दिग्दर्शकाला जे म्हणायचं होतं ते तिच्याइतकं नेमकं कुणाला लागू पडलं नसेल.

प्रश्न : हा सिनेमा माध्यमांवर टीका आहे असं आपण लिहिलंत. मला तर त्यात खुन्यांची आरतीच दिसली. — एक निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, निम्मे मार्क तुमचे.

माझी अडचण आधी सांगतो. टीका आहेच, आणि बोचरी आहे. वेन गेल हा टीव्हीचा पत्रकार (रॉबर्ट डाउनी ज्युनियर, तेव्हा तो ‘आयर्न मॅन’च्या लोखंडी चिलखतात शिरला नव्हता) खुन्यांवर कार्यक्रम करतो आणि मिकीची तुरुंगातली मुलाखत सुपर बोलच्या रात्री थेट दाखवतो. सुपर बोल म्हणजे अमेरिकेत ज्या रात्री घराघरांत टीव्ही चालूच असतो ती रात्र. खुन्याचं प्रवचन ऐकता ऐकता तुरुंगात दंगल पेटते. वेन गेल आधी घाबरतो, मग चेकाळतो आणि शेवटी बंदूक उचलून स्वतःच गोळ्या झाडायला लागतो. बातमी देणारा बातमीत शिरतो. मिकी-मॅलरीचा एक रिवाज असतो, प्रत्येक ठिकाणी कहाणी सांगायला एकाला जिवंत सोडायचं. वेन गेलची पाळी येते तेव्हा तो याच रिवाजाची आठवण करून देत गयावया करतो. ते म्हणतात, सोडतोय की, तुझा कॅमेरा. आणि कॅमेऱ्यादेखत त्याला मारतात. माझ्या पत्रकारितेच्या धंद्यावरची इतकी जहरी ओळ मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता उरलेले निम्मे मार्क. मॅलरीचा बाप नराधम. तिला पकडणारा डिटेक्टिव्ह स्वतः एका बाईचा गळा आवळून जीव घेणारा. तुरुंगाचा अधिकारी (टॉमी ली जोन्स) विदूषक आणि क्रूर. पत्रकार वर सांगितला तसा. आजूबाजूच्या सगळ्यांना दिग्दर्शकानं इतकं बरबटवून ठेवलंय की मधे उभे असलेले खुनीच धुतल्या तांदळासारखे दिसतात. शिवाय दिसायला तेच देखणे, प्रेम खरं फक्त त्यांचंच, आणि चांगली गाणीही त्यांच्याच वाट्याला. शेवटी पळून जाऊन पोराबाळांसह गाडीतून सुखानं फिरतातही. गुरुजी, याला आरती नाही तर काय म्हणायचं? नुसतं कापराऐवजी उपरोध जाळलाय.

आणखी एक करून पाहा. सिनेमात पन्नासावर माणसं मरतात. त्यांतल्या पाचांची नावं आठवून सांगा. मला दोनदा पाहूनही जमलं नाही. एकच मरण लक्षात राहतं. वाळवंटात एक म्हातारा मूळ अमेरिकन या दोघांना आपल्या झोपडीत आसरा देतो. ते काम रसेल मीन्सनं केलंय, हा मूळ अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढलेला खराखुरा कार्यकर्ता. म्हाताऱ्याला त्यांच्या अंगावर अक्षरं उमटलेली दिसतात, ‘सैतान’, ‘फार टीव्ही’. रात्री दुःस्वप्नातून दचकून उठलेला मिकी त्याला गोळी घालतो, आणि सगळ्या सिनेमात एवढ्या एका खुनाबद्दल मॅलरी नवऱ्यावर ओरडते. बाहेर पडताना दोघांना साप चावतात. उताऱ्यासाठी औषधाच्या दुकानात जावं लागतं, तिथेच ते पकडले जातात. श्रेयनामावलीत या म्हाताऱ्यालाही नाव नाही.

प्रश्न : हा टॅरँटिनो या दिग्दर्शकाचा सिनेमा आहे ना? — एक वाचक, कोल्हापूर

नाही. मूळ पटकथा त्याची, पण स्टोननं आणखी दोघांना घेऊन ती इतकी बदलली की पडद्यावर टॅरँटिनोचं नाव फक्त कथेपुरतं उरलं. तो या सिनेमावर कायम नाराजच राहिला.

प्रश्न : हा चित्रपट पाहून अमेरिकेत खरेच खून झाले आणि दिग्दर्शकावर खटला भरला गेला, असे ऐकले. निकाल काय लागला? — एक वकील, लातूर

वकीलसाहेब, १९९५च्या मार्चमध्ये एक तरुण आणि एक तरुणी ओक्लाहोमातून निघाले. सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिलेला, अंगात नशा. मिसिसिपीत त्यांनी एका माणसाला ठार मारलं आणि पुढे लुइझियानात एका दुकानातल्या बाईला गोळी घातली. तिला कायमचं अपंगत्व आलं. मेलेला माणूस जॉन ग्रिशम या कादंबरीकाराच्या ओळखीचा. ग्रिशम मूळचा वकील. त्यानं लेख लिहून युक्तिवाद मांडला की सिनेमा ही बाजारात आणलेली वस्तू आहे, आणि सदोष वस्तूनं इजा झाली तर बनवणारा जबाबदार, मग तो मोटारीचा ब्रेक असो की सिनेमा. जखमी बाईच्या वतीनं स्टोन आणि निर्मात्या कंपनीवर दावा लागला. वरच्या न्यायालयानं तो पुढे चालू दिला, पण लोकांना चिथवायचा हेतू होता हे सिद्ध होईना. २००१ साली दावा फेटाळला गेला.

कायदा म्हणून मला निकाल बरोबरच वाटतो. ब्रेक सगळ्यांसाठी सारखाच निकामी होतो, सिनेमा तसा होत नाही. आणि असले खून सिनेमाआधीही होतेच. १९५८च्या जानेवारीत नेब्रास्कात एकोणीस वर्षांचा चार्ल्स स्टार्कवेदर चौदा वर्षांच्या मैत्रिणीला घेऊन असाच खून करत सुटला होता. त्यावरून पुढे बरेच सिनेमे निघाले, मिकी-मॅलरीचं मूळही लोक तिथेच शोधतात. मजा म्हणजे तो पोरगा स्वतः जेम्स डीन या हॉलीवूडच्या नटासारखे केस वळवून हिंडायचा. म्हणजे सिनेमावरून खुनी आणि खुन्यावरून सिनेमा.

जाता जाता : मिकीचं काम करणाऱ्या वुडी हॅरलसनचा बाप खरोखरच भाडोत्री मारेकरी होता, टेक्सासमधल्या एका फेडरल न्यायाधीशाच्या १९७९मधल्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. याचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही. तरी लिहिलं. सवय जात नाही.

प्रश्न : अमेरिकेचं राहू द्या. तुम्ही स्वतः पुण्यात वर्षानुवर्षं गुन्ह्यांच्या बातम्या केल्यात. तुम्ही काय वेगळं केलंत? — एक भगिनी, नारायण पेठ, पुणे

ताई, हे पत्र मी आठवडाभर टेबलावर ठेवलं होतं.

नारायण पेठेत राहता, म्हणजे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना १९७६ची थंडी आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. मारणारे कला महाविद्यालयात शिकणारे तरुण. मी तेव्हा कॉलेजात होतो. संध्याकाळी सातला रस्ते ओस पडायचे. आमच्या वाड्यात दाराला आतून आडणा घालून वर पाटा टेकवून ठेवायचे. आणीबाणीचा काळ, छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त फिरायचं. नोव्हेंबर १९८३मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली.

या प्रकरणात एक गोष्ट वेगळी घडली, ती मला फार उशिरा जाणवली. अमेरिकेत खटले मारेकऱ्यांच्या नावानं ओळखले जातात, आपल्याकडेही बहुधा तसंच. इथे मात्र ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ असं नाव पडलं, म्हणजे मेलेल्यांचं. पूर्वी मला हे पुणेकरांच्या सभ्यतेचं लक्षण वाटायचं. मग एकदा मनात आलं, त्या घरांतल्या उरलेल्या माणसांनी बँकेत, शाळेत, लग्नाच्या बैठकीत स्वतःचं आडनाव सांगताना काय भोगलं असेल? आणि प्रसिद्धी मारेकऱ्यांनाही चुकली नाहीच. त्यांच्यातल्या एकानं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन छापून आलं, लोकांनी मिटक्या मारत वाचलं. मीही वाचलं.

आता माझं. १९८१ साली मी एका छोट्या दैनिकात रात्रपाळीला लागलो. गुन्ह्यांच्या बातम्यांची एक ठरलेली भाषा होती, पहिल्या महिन्यातच ती तोंडात बसते. वार ‘सपासप’, पोबारा ‘शिताफीने’, गुंड ‘कुख्यात’. आणि भरदिवसा पडलेला दरोडा ‘धाडसी’. हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. दोन माणसं एका एकट्या माणसाला चाकू दाखवतात, यात धाडस कुणाचं? कधी कुणी विचारलं नाही. लांबीला बरोबर बसायचा, दोन कॉलमी मथळ्यात चपखल.

असाच एक ‘धाडसी दरोडा’ मी लिहिला. पेट्रोल पंपावरची रोकड गेली आणि तिथला बावीस वर्षांचा पोरगा मेला. बातमीसाठी मी त्याच्या गावी गेलो आणि घरच्या भिंतीवरची त्याची तसबीर काढून घेतली. “उद्या परत देतो” म्हणालो. त्या काळी आम्ही सगळेच असं म्हणायचो. फोटोचा छपाईसाठी जस्ताचा ब्लॉक करून घेतला, एका कॉलमात, टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा छापला. पुढे आरोपी सापडले तेव्हा म्होरक्याचा फोटो तीन कॉलमी गेला. बेड्या, काळा चष्मा, मान ताठ. अंक हातोहात संपला.

तीनेक महिन्यांनी पोराचा बाप कचेरीत आला. धोतर, डोक्याला मुंडासं. म्हणाला, तेवढा एकच फोटो होता. मी सगळे खण उपसले. आमच्या ग्रंथपालानं लाकडी कपाट उघडलं, त्यात आरोपींची पाकिटं आडनावानुसार लावलेली. त्या म्होरक्याचं पाकीट लगेच सापडलं, त्यात त्याच्या सहा पोझ. पोराच्या नावाचं पाकीटच नव्हतं. म्हातारा बाजूला उभा राहून बघत होता, बोलत काही नव्हता. शिपायानं आणलेला चहा त्यानं घेतला नाही.

शेवटी छपाई खात्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीखाली तो ब्लॉक मिळाला. तोच पुसून त्याच्या हातात दिला, दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. ब्लॉकवर चेहरा उलटा असतो, आरशातल्यासारखा, आणि जवळून पाहिला तर नुसते ठिपके. त्यानं तो दारापाशी नेऊन उन्हात तिरका धरला, बराच वेळ पाहिला.

“भांग दुसऱ्या बाजूला पडलाय,” म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला.