पहिल्या अनुदानाआधी

तुझ्या संस्थेला पहिलं अनुदान मिळण्याआधी हिशेब नीट लाव. देणगीदार काम नंतर बघतो, पावत्या आधी मागतो. आमच्या पहिल्या तपासणीत प्रवासाच्या व्हाउचरवर सह्याच नव्हत्या. ती रक्कम पदरची भरली.

बजेटमध्ये भाडं, हिशेबनिसाचा पगार, ऑडिट फी लाजून वगळू नकोस. २०१६च्या 'ग्रँड बार्गेन' या आंतरराष्ट्रीय करारात देणगीदारांनी आणि मोठ्या मदतसंस्थांनी मानवतावादी निधीपैकी (युद्ध-आपत्तीतल्या मदतीचा पैसा) किमान २५ टक्के स्थानिक संस्थांना शक्य तितके थेट द्यायचं कबूल केलं होतं; २०२०ची मुदत उलटली तरी ते साधलं नाही. म्हणजे पैसा बहुधा मोठ्या संस्थेमार्फतच येणार. मग तिला मिळणाऱ्या ओव्हरहेडमधला (भाडं, ऑडिट अशा कार्यालयीन खर्चाची रक्कम) वाटा तूही माग, करार सहीला येण्याआधी.

'क्षमताबांधणी' (संस्थेची कामाची कुवत वाढवणं) म्हणून तिनं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊ केलं, तर विचारून बघ: त्याऐवजी वर्षभर आठवड्यातून एकदा येणारा हिशेबनीस मिळेल का?