लॉकडाउनमधलं शहर फोटोंवरून अभ्यासता येतं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: एम.ए.च्या प्रबंधासाठी लॉकडाउनमधलं शहरी जीवन हा विषय घेतलाय, मोबाईलमध्ये 2020 चे चारशेक फोटो आहेत आणि मार्गदर्शक म्हणतात, "हा अल्बम झाला, संशोधन कुठंय?" मार्गदर्शकांचं निम्मं बरोबर आहे.

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवतो. त्या वर्षी मीही फोटो काढले आणि पहिला महिनाभर भलतेच काढले. रिकामा महाद्वार रोड, रिकामा बिंदू चौक, रंकाळ्यावर चिटपाखरू नाही. दिसायला एक नंबर! पण शेजारी शेजारी मांडले तर सगळे एवढंच सांगतात, की इथं कुणी नाही. ते तर सरकारनंच टीव्हीवर सांगितलं होतं.

कामाला आला तो एक अगदी रटाळ फोटो. रेशन दुकानापुढं चुन्यानं आखलेले गोल. एका गोलात पिशवी, एकात चप्पल, एकात वीट, माणूस एकाही गोलात नाही. वाटलं, काय शिस्त आहे लोकांना! मग मागं वळलो तर समोरच्या भिंतीच्या सावलीला पंधरा-वीस जण खांद्याला खांदा लावून गप्पा मारत उभे. तोही फोटो घेतला. पहिलाच ठेवला असता तर 'लोकांनी नियम पाळले' असं लिहिलं असतं आणि दुसराच ठेवला असता तर 'लोक बेफिकीर'. दोन्ही एकत्र ठेवले की कळतं, लोकांनी तो गोल अंतरासाठी नाही, नंबर धरण्यासाठी वापरला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना यात नवीन काय? म्हणून प्रत्येक फोटोबरोबर चौकटीबाहेर काय होतं ते लिहा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असं लिहा.

आणि तुम्ही कुठं, कशाच्या जोरावर उभे होता तेही लिहा. माझ्याकडं घरोघरच्या सर्वेक्षणाच्या ड्यूटीचं ओळखपत्र होतं, म्हणून मी रस्त्यावर. माझे जवळजवळ सगळे फोटो सकाळी नऊ ते बाराचे आहेत आणि त्यांतली माणसं मास्क सावरताना दिसतात, कारण समोर मी होतो.

आता मुख्य गोष्ट. फोटो हा पुरावा म्हणून जेवढा कामाचा, त्याहून बोलतं करायला जास्त कामाचा. जॉन कॉलियर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ-छायाचित्रकारानं कॅनडातल्या एका अभ्यासात फोटो समोर ठेवून आणि फोटोंशिवाय अशा दोन्ही तऱ्हेच्या मुलाखती घेऊन पाहिल्या आणि 1957 मध्ये त्यावर लिहिलं. फोटो समोर असले की माणसं नेमकं आठवतात, भरकटत नाहीत. मी 2022 मध्ये वीस फोटोंच्या प्रिंट काढल्या आणि गल्लीत परत गेलो.

त्यात आमच्या तालमीच्या कट्ट्याचा एक होता. कट्ट्यावर जळकं ऑईल ओतलेलं, कुणी बसू नये म्हणून. माझ्या वहीत नोंद होती: 'वरून आलेला धाक.' तालमीतले एक काका फोटो बघून हसले. "आम्हीच ओतलंय की ते! पोरं बसायची आणि पोलिसांचा मार खायची. म्हटलं पाठ सुजण्यापेक्षा पँट खराब झालेली बरी." माझी नोंद तिथंच उलटी झाली. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "कट्टा बंद झाला आणि हे घरात आले. आमची दुपार गेली ती गेलीच."

ती दुपार माझ्या एकाही फोटोत नव्हती. भांडी आवरल्यावर उंबऱ्यात बसून बायका निवडणं-टिपणं करतात, बोलतात, तो तास. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोंत तो येणारच कसा? मग मी काकूंना आणि शेजारच्या चौघींना त्यांच्याच मोबाईलमधले फोटो मागितले. खरं तर कॅमेराच लोकांच्या हाती द्यायची पद्धतही आहे. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बुरिस या संशोधकांनी 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांमधल्या बायकांबरोबर ती वापरली. आपल्याला उशीर झालाय, पण बायकांनी तेव्हाच काढून ठेवलेलं पुष्कळ आहे. गच्चीवरचे पापड-कुरडया, मोबाईलवरच्या शाळेसाठी फळीवर टेकवलेला फोन, 25 मार्चची गुढी आणि तिच्याखाली सुनसान गल्ली. एक सूचना: हे फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून मागवू नका. फाईलमधली तारीख-वेळ जाते आणि फोटो दाबून लहान होतो. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून घ्या.

तारखेचा आणखी एक घोळ. जुलै 2021 चा फोटो दाखवला की आमच्याकडं कुणी कोरोनाबद्दल बोलतच नाही. पंचगंगेचं पाणी आलं होतं, त्यामुळं 2019 ला कुठवर होतं आणि या वेळी कुठवर, यावरच अर्धा तास जातो. मी सुरुवातीला त्यांना विषयावर आणायचा प्रयत्न करायचो. मग सोडून दिलं. तुमच्या प्रबंधाची चौकट लॉकडाउनची असेल, त्यांची नाही.

चेहऱ्यांचं बघा. रस्त्यावर उठाबशा काढणाऱ्यांचे व्हिडिओ तेव्हा गावभर फिरले. ते 'आधीच सगळीकडं आहेत' म्हणून प्रबंधात घालू नका. त्या माणसाला परवानगी कुणीच विचारली नव्हती. माझ्याकडं असे दोन होते, ते मी वापरले नाहीत.

सुरुवात करताना चारशेतले वीसच निवडा, त्यातही सुंदर दिसणारे आधी बाजूला काढा. आणि प्रिंट काढाच. मोबाईलवर दाखवले की लोक बोटानं पुढं सरकवत जातात आणि थोड्या वेळानं तुमच्या भावाच्या लग्नाचे फोटो बघत बसलेले असतात.